दोन्ही कर्ण मोजून आणा

घराचा नकाशा काढायला येणारा माणूस घराचा नकाशा काढायला येतच नाही. भावाला दाखवायला काहीतरी कागद हवा, म्हणून तो येतो. मंचरमध्ये रस्त्याकडेला नकाशांचं ऑफिस चालवणाऱ्या माझ्यासारख्याला हे ज्ञान कुठल्या पदविकेत मिळालं नाही. ते कळंब, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर अशा गावांवरून आपणहून आलं, बहुतेक वेळा मोटारसायकलवर ट्रिपल सीट.

संगणकाच्या मागण्या तशा दोनच. रेघ सरळ हवी आणि आकृती बंद हवी. आमच्या जुन्नर-आंबेगावात नेमकं हेच मिळत नाही. रेघ सरळ निघाली की वाटेत विहीर येते, आंबा येतो, म्हसोबा येतो. आकृती बंद करायला जावं तर मागून आवाज येतो, "तेवढी पलीकडं जायला वाट ठेवा बरं का, नायतर चुलते भांडत्यात."

सुरुवात व्हॉट्सॲपने होते. शाळेच्या वहीच्या पानावर चौकोन काढलेला असतो आणि चार बाजूंना चार आकडे: ४१, ५८, ३९ आणि "६० धरा". खाली लिहिलेलं असतं, अडीच गुंठे. आता चार बाजू कळल्या म्हणजे चौकोन कळला असं जगातल्या सगळ्या सज्जन माणसांना वाटतं. पण चार पट्ट्या चार खिळ्यांनी जोडा आणि दाबा. बाजू त्याच राहतात, आकार मात्र पाहिजे तसा कलतो. म्हणून कर्ण लागतो. तो मिळाला की काम सोपं. ४१ची रेघ मारायची, तिच्या एका टोकावर ५८चं वर्तुळ, दुसऱ्या टोकावर कर्णाएवढं वर्तुळ. दोन्ही जिथे छेदतील तिथे तिसरा कोपरा. या युक्तीला फुकटातलं ॲपही पुरतं.

मी कर्ण मागवला. उत्तर आलं, १०४ फूट.

स्क्रीनवर वर्तुळं एकमेकांना भेटेनात. सॉफ्टवेअर बिघडलं म्हणून बंद करून पुन्हा चालू केलं, तरी ती आपापल्या जागी फुगून बसलेली. मग आकडे पाहिले. ४१ आणि ५८ मिळून होतात ९९. म्हणजे या जागेत कडेकडेने वळसा घालून गेलं तर ९९ फूट, आणि मधून सरळ गेलं तर १०४. फोन केला. "सर, मधी उकिरडा हाय ना, मग टेप त्याच्या कडंनं नेला." टेप उकिरड्याच्या कडेने, तिथून गोठ्याच्या कडेने, आणि बहुधा वाटेत चहा पिऊन पोचला असावा.

पण खरा घोटाळा पुढेच. एक गुंठा म्हणजे ३३ गुणिले ३३, अर्थात १,०८९ चौरस फूट. अडीच गुंठ्याचे झाले २,७२२. सातव्या शतकातल्या ब्रह्मगुप्ताचं सूत्र लावलं तर या चार बाजूंत, कर्ण काहीही असो, फार तर २,३५९ चौरस फूट मावतात. म्हणजे ३६३ चौरस फूट, एक तृतीयांश गुंठा, गायब. हे फोनवर सांगितल्यावर पलीकडे शांतता पसरली. मग हळू आवाजात, "म्हंजे बांध कोरलाच ना त्यानं! सर, हे तेवढं लिवून द्या." मी नकाशा काढणारा आहे, पंच नाही, हे पटवण्यात दुपार गेली. ब्रह्मगुप्ताला आपलं सूत्र एवढ्या तातडीने कामी येईल याची कल्पना नसावी.

बांधाचं दुखणं सॉफ्टवेअरलाही आहे. भिंतीत किंवा अंगणात तिरप्या रेघा भरायच्या असतात, त्याला हॅच म्हणतात. आपण आत टिचकी मारतो आणि ते सांगतं, हद्द बंद नाही. डोळ्यांना तर चारही कोपरे जुळलेले दिसतात. मग झूम करायचं. अजून झूम. नकाशा निघून जातो, खोली निघून जाते, नुसती काळी पोकळी उरते आणि तिच्यात दोन रेघांची टोकं एकमेकांकडे पाठ करून उभी दिसतात. मधलं अंतर केसाच्या हजाराव्या भागाएवढं. नवीन पोरं इथे रडकुंडीला येतात. जुनी माणसं निमूटपणे सगळी हद्द एकाच बंद पॉलिलाइनने, म्हणजे अखंड रेघेने, पुन्हा गिरवतात, किंवा फटीची सूट वाढवतात. ही सूट फार सुंदर सोय आहे: किती फट चालेल ते आपण सांगायचं आणि तेवढ्या फटीकडे यंत्र मोठ्या मनाने काणाडोळा करतं. माणसांत ही सोय असती तर घोडेगावच्या कोर्टाबाहेर चहाची एकही टपरी चालली नसती.

त्रिमितीत गेलं की हाच तंटा रंगीत होतो. दोन भिंती चुकून अगदी एकाच जागी काढल्या, की कुठली पुढे आणि कुठली मागे हे यंत्राला ठरवता येत नाही आणि भिंत लुकलुकायला लागते. माऊस हलवला की गुलाबी, पुन्हा हलवला की पिवळी. उपाय साधा आहे, एक भिंत सूतभर मागे सरकवायची. एका घरच्या दोन भावांना मी ती लुकलुक दाखवत होतो. सामाईक भिंतीचा विषय चालला होता. थोरला म्हणाला, "बघ, संगणकालाबी कळंना कुनाची हाय." धाकटा म्हणाला, "मागं सरकवायची तर तुझी सरकव."

मापांचं तर विचारूच नका. सातबारा हेक्टर-आरमध्ये, मंजुरीचा नकाशा मीटरमध्ये, घरमालक फुटात, गवंडी फूट-इंच-सुतात आणि वाळू ब्रासमध्ये. इंटरनेटवरून उतरवलेलं सामान, म्हणजे पलंग, सिंक, कमोड, बहुधा मिलिमीटरमध्ये. एककं न जुळवता ते फुटांच्या फाईलमध्ये टाकलं की एका मिलिमीटरचा एक फूट होतो. सातशे मिलिमीटरचं कमोड सातशे फुटांचं होऊन वन बीएचकेच्या छाताडावर बसतं. खोडदच्या रेडिओ महादुर्बिणीच्या तबकड्या ४५ मीटर व्यासाच्या. तशा चार ओळीने लावल्या तरी हे कमोड त्यांना पुरून उरेल. उतारा म्हणजे ३०४.८ ने भागणे. हा आकडा मला स्वतःच्या गाडीच्या नंबरापेक्षा जास्त पाठ आहे.

खोडदचं नाव निघालंच आहे, तर एक सांगून टाकतो. अडचणीतून वाट काढण्याचा या भागातला सर्वांत देखणा नमुना तोच. एवढी तबकडी भरीव पत्र्याची केली तर वारा तिला उचलून नेईल, आणि वाऱ्याला तोंड देईल इतकी मजबूत केली तर खर्च झेपणार नाही. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी दोर ताणून त्यांवर बारीक तारेची जाळी बसवली. रेडिओलहरी परततात, वारा आरपार जातो. अशा तीस तबकड्या उभ्या आहेत. आमच्याकडच्या द्राक्षबागायतदाराला त्या पाहून अजिबात नवल वाटत नाही, कारण तार ताणणं हा त्याचा रोजचा धंदा. "आमचा मांडवच हाय, फक्त वर बघतोय," असं एकाने मला सांगितलं. मला हे वर्णन पुष्कळ शास्त्रीय लेखांपेक्षा आवडतं.

आमचं नकाशांचं सॉफ्टवेअर, ऑटोकॅड, १९८२ च्या डिसेंबरात बाजारात आलं. इतक्या वर्षांत त्याने बरंच काही शिकून घेतलं, पण जुनी फाईल उघडली की देवघर वाचताना ते अजून अडखळतं. त्याच्या जुन्या अक्षरवळणांत देवनागरी नाही. मराठीत खोल्यांची नावं घातली की तिथे प्रश्नचिन्हं उगवतात. एका आजींनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, "हितं काय?" म्हटलं, देवघर. "मग ह्यो आकडा का उलटा?" शेजारी संडास होता, तिथेही तशीच प्रश्नचिन्हं, फक्त एक जास्त. फॉन्ट बदलून माझ्या संगणकावर सगळं ठीक झालं. प्रिंट काढणाऱ्याकडे तो फॉन्ट नव्हता, तिथे माजघराचं काहीतरी भलतंच झालं. आता मी पीडीएफ करूनच पाठवतो, आणि फारच घाई असेल तर प्रिंटवर पेनाने लिहितो. पेनाला अपडेट लागत नाही.

मग वास्तू. स्वयंपाकघर आग्नेयेला, देवघर ईशान्येला, थोरल्याची खोली नैर्ऋत्येला, हे सगळ्यांना पाठ असतं. फक्त उत्तर कुठे ते माहीत नसतं. सासरे मोबाईलमधलं होकायंत्र सळयांच्या ढिगाशेजारी उभं राहून बघतात आणि लोखंडाने बहकलेली सुई ज्या बाजूला जाईल ती उत्तर धरतात. जागा तिरपी असेल तर स्क्रीनवरचे अक्ष फिरवून घर सरळ दिसेल असं काम करता येतं. आमच्या धंद्यातले काही बहाद्दर मात्र अक्षही फिरवत नाहीत आणि घरही फिरवत नाहीत. ते कोपऱ्यातला उत्तरेचा बाण फिरवतात. गिऱ्हाईक खूश, सासरे खूश, सूर्याला कुणी विचारत नाही.

तयार वस्तूंच्या संग्रहात शेकोटीच्या चिमण्या आहेत, पोहण्याचे तलाव आहेत, पामची झाडं तर ढिगाने. कांद्याची बराक नाही. गोबरगॅस नाही. दुधाचे कॅन नाहीत. पिकअप हवी तर परदेशी मिळते, तिच्यात टोमॅटोचे क्रेट बसत नाहीत. गाय मिळते, पण ती हिरवळीवर उभी राहून डोंगराकडे बघते. दावणीला बांधलेली गाय मी स्वतः बनवली. गॅरेजचं शटर काढून जाळी लावली की गोठा होतो. जाळी हवीच, कारण उसातला बिबट्या नकाशा बघून येत नाही. इथे गोठ्याला दार आणि वरून जाळी हा हौसेचा मामला नाही. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, इतका हा शेजारी कायमचा झालाय. तरीही त्रिमिती चित्रात गिऱ्हाइकाला दारापुढे लॉन हवं असतं. मी लॉन घालतो. प्रत्यक्षात तिथे भुईमुगाच्या शेंगा वाळत पडणार, हे त्यालाही ठाऊक असतं.

एक म्हातारे गृहस्थ मात्र वेगळे होते. आमच्या तालुक्याचं नाव ज्यावरून पडलं ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं, त्यांचं घरही. त्यांना नवं घर जुन्यासारखं हवं होतं. कागद काही नव्हता. "माप हाय ना," म्हणाले आणि उठून माझ्या ऑफिसात चालायला लागले. ओटा टेबलापाशी संपला. पडवी प्रिंटरला धडकली. माजघरासाठी ते उंबरा ओलांडून रस्त्यावर गेले, एसटीला हाताने थांबवलं, पावलं पूर्ण केली आणि परत आले. मी पावलं लिहून घेतली आणि त्यांचं एक पाऊल टेपने मोजलं. सगळं जुळलं. हॅच पहिल्या टिचकीत भरलं गेलं. वर्तुळं, कर्ण, काही लागलं नाही.

लाईटबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहितो. गिऱ्हाईक "हां, आता फायनल" म्हणायला तोंड उघडतं तेव्हा ती जाते. परत आल्यावर फाईल उघडत नाही. अशा वेळी शेजारी पडलेल्या बॅक-अप प्रतीचं बीएके हे शेपूट काढून डीडब्ल्यूजी लावायचं. बहुतेकदा आधी सेव्ह केलेला नकाशा उठून बसतो. आमच्या लेण्या कोरणाऱ्यांना हीसुद्धा सोय नव्हती. लेण्याद्रीला गणपतीपुढच्या त्या प्रशस्त दालनात मधे एक खांब नाही, तुळजा लेणीत बारा खांब गोलात उभे आहेत, आणि हे सगळं दगड काढून टाकून केलेलं. काढलेला दगड परत लागत नाही. मानमोडीला अर्धवट राहिलेलं चैत्यगृह आहे, ते पाहताना मला नेहमी वाटतं, इथे नक्की कुणीतरी येऊन म्हणालं असणार, "दार जरा इकडं घेता येईल का?"

शेवटी नकाशा गवंड्याच्या हातात जातो. तो त्याची चार घड्यांची घडी करून खिशात ठेवतो. मग गुण्या, ओळंबा, दोरी आणि फक्की. कोपरा काटकोनात आहे का ते बघायला एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार, मधे पाच आले की झालं; त्याला लाईट लागत नाही. घंटाभराने फोन येतो. "साहेब, नकाशा बराबर हाय. जागा चुकलीय." मग तो जिना घराच्या आतून काढून बाहेर टाकतो. का विचारलं तर म्हणतो, "वर धाकटा राहणार ना?" या एका वाक्यात जितकं गृहरचनाशास्त्र आहे तितकं माझ्या सगळ्या पुस्तकांत मिळून नव्हतं. संध्याकाळी मी फाईल उघडतो आणि त्याने बांधलंय तसं काढतो. आमच्याकडे याला सुधारित नकाशा म्हणतात.

तेव्हा या बाजूला घर बांधायचा विचार असेल तर जरूर या. टेप स्टीलचा घ्या, कापडी ताणतो. चारही बाजू मोजा, दोन्ही कर्ण मोजा, उकिरडा आधी उचला. सातबारा आणा. आणि भाऊ असेल तर त्यालाही सोबत आणा. चहा मी पाजतो.