दाजींचा कान

मावळात आषाढ लागला की भातलावणी आणि पाहुणे एकाच आठवड्यात येतात. लावणीला माणसं मिळत नाहीत आणि पाहुण्यांना चिखल चालत नाही, म्हणून दोघांची गाठ कधी पडत नाही. आमचे डोंबिवलीचे दाजी यंदाही आले. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर डोक्यावरून पाणी घेत दोन तास बसले, कांदाभजी खाल्ली आणि उजवा कान बंद करून कामशेतला घरी परतले.

"घाटाने दडे बसलेत," त्यांनी गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.

आता घाटावर हा आळ बरा नव्हे. घाटात दडे बसतात ते कान आणि घसा जोडणाऱ्या नळीमुळे. बाहेरचा दाब बदलतो, पडद्याला ताण बसतो. गिळलं, चावलं, जांभई दिली की नळी उघडते आणि कान मोकळा. याची सोय रेल्वेने आपसूकच केली आहे. मागून ढकलणारी इंजिनं जोडायला गाडी कर्जतला थांबते, तेवढ्यात वडा घ्यायचा आणि लोणावळ्यापर्यंत चावत यायचं. दाजींनी तर वड्यांची संपूर्ण पुडी चावली होती. म्हणजे दोष घाटाचा नव्हता.

आईने कोमट तेलाची वाटी काढली. शेजारच्या काकांनी एका पायावर उड्या मारायला लावलं. दाजींचा मात्र स्वतःच्या अवजारांवर विश्वास: स्कूटरची किल्ली, काडेपेटीची काडी, बॉलपेनचं टोपण आणि शेवटी आक्काच्या केसातली पिन. पिन आत गेली की ते खोकायचे. "बघ, कफसुद्धा सुटतोय," म्हणायचे. कफाबिफाचा संबंध नसतो. घशाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेची एक फांदी कानाच्या नळीत येते. तिला डिवचलं की काहींना खोकला येतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. कानाचे डॉक्टर बोलके होते. रोज न ऐकणाऱ्या माणसांशी बोलून सवय झाली असावी. त्यांनी सांगितलं ते मला फार आवडलं. कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथी मुळात घामाच्याच, एका कानात हजार ते दोन हजार. खात्यात बदल्या होतात तशा या ग्रंथींच्या झाल्या आहेत. काखेतल्या तिथेच चिकटून बसल्या. काही पापणीच्या कडेला गेल्या. तिथे त्यांच्या किंवा शेजारच्या तेलाच्या ग्रंथीत जंतू शिरले की रांजणवाडी होते. आईचं दूध ज्या ग्रंथींत तयार होतं त्यासुद्धा याच केडरच्या, फक्त बढती मिळालेल्या. आणि कानात ज्यांची नेमणूक झाली, त्यांच्या कामाला आपण मळ म्हणतो.

वास्तविक त्यांचा चिकट रस, शेजारच्या ग्रंथींचं तेल आणि झडलेली कातडी यांचं ते मलम असतं. पाणी अडवतं, धूळ पकडतं, बुरशीला दाद देत नाही. लोणावळ्याच्या पावसाळ्यात, जिथे चामड्याच्या पट्ट्यावरही बुरशी उगवते, तिथे हे काम थोडं नाही. शिवाय ते आपोआप बाहेर येतं. नळीची कातडी पडद्याकडून बाहेर सरकत असते, नखं वाढतात साधारण त्याच गतीने, आणि जबडा हलला की तिला हातभार लागतो.

"या ग्रंथी फक्त नळीच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्शात असतात," डॉक्टर म्हणाले. "आत हाडाच्या भागात एकही नाही. यांचा मळ पार पडद्याजवळ आहे."

"मग तिथे गेला कसा?" दाजी ओरडले.

डॉक्टरांनी आक्काच्या पिनेकडे पाहिलं.

भुशीच्या पाण्याने तो ठासलेला मळ फुगला होता, एवढंच. डॉक्टरांनी आधी पडदा शाबूत असल्याची खात्री केली, थेंब घालून मळ मऊ होऊ दिला आणि मग अंगाच्या उबेइतक्या पाण्याची पिचकारी मारली. गार पाणी मारलं तर तोल सांभाळणारं यंत्र बिथरतं आणि बसल्या जागी गरगरतं. ट्रेमध्ये तपकिरी, ओला, पिनेचे ओरखडे असलेला खुंट पडला. दाजींनी त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. तीन जणांनी हात जोडले.

"काही जणांचा मळ कोरडा असतो ना?" मी विचारलं. डॉक्टर खूश झाले. जपान-कोरियाकडे बहुतेकांचा कोरडाच. 2006 साली जपानी संशोधकांनी त्याचं जनुक शोधलं, आणि काखेच्या वासाची किल्लीही त्याच जनुकात निघाली: मळ कोरडा, तर काख जवळपास बिनवासाची. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत आलेल्या कोरियन साहेबांना संध्याकाळच्या लोणावळा लोकलमध्ये काय वाटत असेल, या विचाराने मी जरा खाली पाहिलं.

निघताना दाजींनी विचारलं, "कान साफ ठेवायला काय घालू?"

"काही नाही. चावून खा."

बाजारातून त्यांनी दोन किलो चिक्की घेतली, आणि बिल मेडिक्लेमला लावता येईल का, असं आक्काला विचारलं. आक्काला ऐकू आलं नाही.