बावन्न दरवाजे आणि तीन अँगस्ट्रॉम

संभाजीनगरात राहणाऱ्याला पाहुणे चुकत नाहीत आणि पाहुण्यांना अजिंठा चुकत नाही. लेणी पाहून झाली, की फर्दापूरच्या फाट्यावर दगडवाले गाठतात. वर्तमानपत्राच्या कागदातून एकेक चीज बाहेर येते. बाहेरून काळाकुट्ट धोंडा आणि पोटात पांढरे, पारदर्शक, क्वचित हिरवट स्फटिक. "साहेब, ओरिजिनल आहे!" भडक जांभळा किंवा निळा दिसला, तर तो बहुधा रंगवलेला, एवढं इथल्या माणसाला कळतं. पाहुण्याला ते सांगावं की नाही, हा ज्याच्या त्याच्या आतिथ्याचा प्रश्न. पाहुणे तासभर घासाघीस करतात, दगड घेतात आणि परतीच्या बॅगेत मावत नाही म्हणून तो आमच्याच घरी ठेवून जातात.

हे स्फटिक पुष्कळदा झिओलाइट जातीचे असतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले, लाव्हा थिजून बेसॉल्ट झाला आणि पुढे त्या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं. पाण्यातला ऐवज पोकळ्यांच्या भिंतींवर सावकाश साचला. अजिंठ्याच्या कारागिरांच्या छिन्नीखाली असे खडे नक्कीच आले असणार. ऐन मूर्तीच्या नाकाच्या जागी पोकळी निघाली, तेव्हा ते काय बोलले, हे एकाही शिलालेखात नाही.

त्याच सुमारास, म्हणजे पाचव्या शतकाच्या आगेमागे, आपल्याकडे परमाणूवरून पंडितांची चांगलीच जुंपली होती. कणादांचे वैशेषिक म्हणत, की दोन परमाणूंचं द्व्यणुक होतं आणि तीन द्व्यणुकं एकत्र आली, की डोळ्यांना दिसेल असा पहिला कण तयार होतो. तो कुठे पाहायचा? झरोक्यातून आलेल्या कवडशात. वेरूळच्या दहा नंबरच्या लेण्यात, म्हणजे 'सुताराच्या झोपडी'त, उतरत्या दुपारी वरच्या गवाक्षातून ऊन येतं, तेव्हा हे कण मलाही दिसले आहेत. हिशेबाने एका कणात सहा परमाणू. प्रत्यक्षात निघाले कित्येक लाख कोटी. आकडा चुकला, पण दिसणाऱ्यावरून न दिसणाऱ्याचा हिशेब मांडायची हिंमत मला त्या चुकीपेक्षा मोठी वाटते.

बौद्ध आचार्य वसुबंधूंनी यावर आडवा प्रश्न टाकला. एका परमाणूला सहा बाजूंनी सहा परमाणू चिकटले, तर त्याला सहा बाजू आल्या. बाजू आल्या म्हणजे भाग आले, मग तो अविभाज्य कसला? आणि सहाही एकाच जागी बसले म्हणावं, तर सगळा ढीग एका परमाणूएवढाच राहणार! हा युक्तिवाद मला फार आवडतो, कारण तो प्रयोगशाळेवाचून, पाऊस पडत असताना, बसल्या जागी करता येतो. अजिंठ्याच्या विहारांत वर्षावासात अडकलेल्या भिक्षूंनी त्यावर किती रात्री जागवल्या असतील!

पुढची तेराशे वर्षं मी बिनदिक्कत ओलांडतो. 1784 साली फ्रान्समध्ये रने-जुस्त आऊई नावाच्या पाद्रीबाबांनी स्फटिकांवर निबंध लिहिला. असं सांगतात, की एका मित्राच्या संग्रहातला कॅल्साइटचा स्फटिक त्यांच्या हातून पडला आणि फुटला. मित्राचं तोंड पाहायचं सोडून हे तुकडे पाहत बसले. प्रत्येक तुकड्याचे कोन तेच. मग घरी जाऊन त्यांनी स्वतःच्या संग्रहातले स्फटिक फोडले. फोडत फोडत गेलं, की शेवटी एक मूळ वीट उरत असणार आणि तिच्याच रांगांनी स्फटिक रचलेला असणार, असा त्यांचा निष्कर्ष. आमच्या घरी फुटलेल्या दगडातून आजवर एवढं काही निघालेलं नाही.

मग डाल्टन आले. त्यांनी 1808 च्या ग्रंथात अणूंना वजनं दिली, पण पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन धरला. 1811 मध्ये आव्होगाद्रोंनी दुरुस्ती सुचवली, ती कोणी फारशी मनावर घेतली नाही. 1860 मध्ये कार्लस्रूहच्या परिषदेत कानिझ्झारोंनी ती पुन्हा मांडली, तेव्हा कुठे रसायनतज्ज्ञांची गाडी रुळावर यायला लागली. 1808 ते 1860 म्हणजे बरोबर बावन्न वर्षं. आमच्या शहराचे दरवाजेही बावन्नच सांगतात. यात काही संकेत नाही, पण संभाजीनगरकराला बावन्न आकडा दिसला, की राहवत नाही.

एवढं होऊनही व्हिएन्नाचे भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख, अणूचं नाव काढलं की विचारत, तुम्ही पाहिलाय का एखादा? 1912 मध्ये म्यूनिकला माक्स फोन लाउए यांच्या सूचनेवरून स्फटिकातून क्ष-किरण सोडले गेले आणि फोटोच्या काचेवर ठिपक्यांची रांगोळी उमटली. त्या रांगोळीवरून उलटा हिशेब करत ब्रॅग पितापुत्रांनी 1913 मध्ये अणूंच्या जागा सांगायला सुरुवात केली. साध्या मिठात मिठाचा रेणूच सापडेना. सोडियम, क्लोरीन, सोडियम, क्लोरीन, अशी नुसती रांग. हेन्री आर्मस्ट्राँग या बुजुर्ग रसायनतज्ज्ञाला हे इतकं लागलं, की 1927 मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी 'नेचर'मध्ये बिचाऱ्या मिठाची बाजू घेऊन पत्र लिहिलं आणि हे काही क्रिकेटच्या नियमांत बसत नाही असं ठणकावलं. मिठाला जागणारा माणूस!

आता आपला झिओलाइट. स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी 1756 मध्येच तो फुंकणीच्या आचेवर धरला होता, तेव्हा दगडातून पाणी उकळून बाहेर आलं. पाणी जातं, पण दगडाचा सांगाडा जसाच्या तसा, हे पुढे कळलं. 1925 मध्ये वायगेल आणि स्टाइनहॉफ यांनी असा कोरडा केलेला चॅबझाइट, म्हणजे एक झिओलाइटच, निरनिराळ्या वाफांत ठेवला. पाणी आत गेलं, अल्कोहोल आत गेलं. ॲसिटोन, ईथर आणि बेंझीन बाहेरच राहिले. मकाई दरवाज्यातून विद्यापीठाकडे स्कूटर जाते, रिक्षा जाते आणि मोठा ट्रक कमानीपुढे विचारात पडतो, तसंच हे. फरक एवढाच, की झिओलाइटच्या दरवाज्यात हॉर्न वाजवून उपयोग नाही. 1930 मध्ये लायनस पॉलिंग यांनी नॅट्रोलाइट या झिओलाइटची रचना सोडवली आणि सिलिकॉन, ॲल्युमिनियम, ऑक्सिजनच्या चौकटी आणि त्यांमधल्या वाटा कागदावर आल्या. रेणूला आकार असतो याचा याहून रोखठोक पुरावा मला माहीत नाही. कोण आत गेलं आणि कोण अडलं, एवढंच तर पाहायचं.

आज हे दरवाजे कारखान्यात मापाने बनवतात. मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीचं किंवा उसाच्या रसाचं अल्कोहोल कितीही ऊर्ध्वपातन केलं, तरी साधारण साडेपंच्याण्णव टक्क्यांपाशी हटून बसतं. उरलेलं पाणी काही केल्या सोडत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचं तर ते काढायलाच हवं. मग ती वाफ कृत्रिम झिओलाइटच्या बारीक गोळ्यांतून नेतात. मिलिमीटरचा एक कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. मूळ वाट चार अँगस्ट्रॉमची. तिथे सोडियमऐवजी धिप्पाड पोटॅशियम उभा केला, की ती तीनवर येते. पाण्याचा रेणू पावणेतीनच्या आसपास, तो आत शिरून अडकतो. इथेनॉलचा चारच्या वर, तो बाहेरून निघून जातो.

हे सगळं मी एकदा पेट्रोल पंपावर शेजारच्या काकांना ऐकवलं, कारण ते पेट्रोलमध्ये पाणी असल्याची तक्रार करत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही पाहिलाय का तो दरवाजा?"

"नाही."

"मग मायलेज का पडलं, ते सांगा."

म्हटलं, काका, त्यात पाण्याचा दोष नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जाच पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच जाऊन बसलेला असतो, म्हणजे तो थोडासा अगोदरच जळून आलेला असतो.

काकांनी टाकीचं झाकण लावलं. "म्हणजे आपल्याला उष्टं विकतात म्हणा की."