लाकडी फरशीचे परभणी-माहात्म्य

परभणीत शहाबादी उखडून लाकडी फरशी बसवणाऱ्या आणि तीवर लॅब्राडोर सोडणाऱ्या दूरदर्शी मंडळींचे जाहीर कौतुक व्हायला हवे. लाकडाला पाणी वर्ज्य. घट्ट पिळलेले फडके फिरवले की झाले. मराठवाड्याला याहून सोयीची फरशी कोणती? शिवाय ती इथल्या काळ्या मातीच्याच गुणाची: पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नखांचे ओरखडे उठतात, हा आक्षेप कोत्या मनाचा. ती कुळवाची पाळी समजावी. कृषी विद्यापीठ गावातच आहे, सल्ला मिळेल.

दुसरा आक्षेप जरा चिवट. पावसाळ्यात ही माती पंजाच्या बोटांत रुतते, वाळून खडा होते आणि पॉलिश खरवडते. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक फेरीनंतर दारातच चारही पाय धुणे. शिवाय प्राणी थंड मुलखातला. मे महिन्यात त्याला कूलर हवा, कूलरला पाणी हवे. फरशीवर वाचवलेले पाणी असे सत्कारणी लागते, कमी पडल्यास टँकर आहेच. फडके मारणाऱ्या बाईंनी जाताना हंडाभर मागितले, तर त्यांना पाणीटंचाई शांतपणे समजावून सांगावी. मात्र दारातच, ओल्या पायांनी लाकूड फुगते.