श्री. सातबारा उतारे यांस

श्री. रा. रा. सातबारा उतारे,
मु. तलाठी सजा, पो. जिथे जमीन तिथे.

सा. न. वि. वि.

उतारेसाहेब, आधी अभिनंदन स्वीकारावं. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं, तरी तुमच्या अंगावर ओरखडासुद्धा उमटलेला नाही. अशी तब्येत फार थोड्यांना लाभते. पूर्वी तुम्ही दप्तरात कसर लागून पडायचात. आता डिजिटल सहीचे झालात, १५ रुपयांत घरबसल्या मिळता. आतला मजकूर मात्र आजोबांच्या वेळचाच ठेवलात. घराण्याची रीत अशी सांभाळावी.

तुमच्या नावाची फोड मला लहानपणी वडिलांनी सांगितली होती. सात म्हणजे गाव नमुना सात, जमीन कोणाची ते सांगणारा. बारा म्हणजे गाव नमुना बारा, पीक कोणतं ते सांगणारा. महसूल खात्याचे असे गाव नमुने २१ आहेत. झाडं मोजायला जागा आहे, विहिरी मोजायला आहे. पेरलं कोणी, खुरपलं कोणी, वेचलं कोणी हे लिहायला त्या एकवीसांत एक ओळ नाही. थोडक्यात, सात तुमच्याकडे राहिले आणि बारा आमचे वाजले.

आपली शेवटची भेट २०२५ च्या सप्टेंबरात झाली, सीना नदीला पूर आला तेव्हा. तुम्हाला आठवणार नाही, तुम्ही तलाठी भाऊसाहेबांच्या मोबाईलमध्ये होता. माझ्या थोरल्या जाऊबाई अडीच एकर कोरडवाहू एकटीने बघतात. भावजी चाकणला टेम्पो चालवतात, सणावाराला येतात. सोयाबीनचं बियाणं कुठून आणायचं, पहिल्या पेरणीवर मातीनं कवच धरलं तेव्हा दुबार पेरायची की तुरीवर भागवायचं, फवारणीचे पैसे कोणाकडून उसने घ्यायचे, हे सगळं जाऊबाईंनी ठरवलेलं. पंचनाम्याला तिघं आले: तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक. जाऊबाई गुडघाभर चिखलात उभ्या राहून सांगत होत्या, कापून लावलेली गंजी कुठून वाहून गेली, उरलेल्या शेंगांना जागेवर कसे कोंब फुटले, बांध कुठं फुटला. भाऊसाहेबांनी ऐकून घेतलं. माणूस सभ्य. म्हणाले, "वहिनी, ते सगळं खरं, पण मालक कधी येतील?"

मालक रात्रीच्या एसटीने निघाले, सकाळी पोचले, बांधावर उभे राहिले. फोटोच्या आधी त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "आपलं कुठपर्यंत गं?" जाऊबाईंनी हात लांब करून बोट दाखवलं. तेवढ्यात फोटो निघाला. फोटोत मधोमध भावजी, मागे पाणी, आणि डाव्या कडेला एक हात, मनगटापर्यंत, चिखलाने भरलेल्या हिरव्या बांगड्यांसकट.

पुढे सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहूला आपत्ती निधीचा दर हेक्टरी ८,५०० रुपये, वर राज्याने भर घातली. पैसे जमा झाल्याचा मेसेज चाकणला वाजला. भावजी भला माणूस म्हणून त्यांनी फोन करून सांगितलं. आता, नवरा भला निघणं ही काही शासकीय योजना नव्हे.

आणि शेजारच्या रानात आठ बायकांच्या टोळीनं सोयाबीन काढायचं गुत्तं घेतलं होतं. पीक गेलं तसे त्यांचे पंधरा-वीस दिवसांचे रोज गेले. त्याचा पंचनामा झाला नाही. होणार कसा? बुडालेल्या रोजाला गट नंबर नसतो.

तुम्ही म्हणाल, बाई, पाऊस पडला त्यात माझा काय दोष? अगदी बरोबर. पाऊस तुम्ही पाडला नाही. पाऊस कोणाकोणावर पडला, एवढंच तुम्ही ठरवता.

असा पाऊस आता हवामान बदलाच्या नावावर लागतो, आणि हवामान बदलाच्या पैशाची वाट मला हल्ली पाठ झाली आहे. ती सुरू होते फार लांब, वातानुकूलित सभागृहांत, आणि तिथे बाईचा नुसता गजर चाललेला असतो. २००१ साली मराकेशच्या हवामान परिषदेत ठराव झाला, बायकांना निर्णयात स्थान द्या. २०१४ साली लिमात स्त्री-पुरुष समतेचा खास कार्यक्रम आखला. हरित हवामान निधीकडे पैसे मागायचे तर प्रकल्पासोबत स्त्री-पुरुष समतेचा कृती आराखडा जोडावाच लागतो. २०२४ साली बाकूची परिषद भरायची होती, तिच्या आयोजन समितीवर यजमानांनी आधी २८ जण नेमले, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पुरुष. जगाने बोंब मारली तेव्हा १२ बायका घातल्या. लग्नाच्या याद्या करताना ऐनवेळी आत्याची आठवण व्हावी तसं. त्याच बाकूत २०३५ पर्यंत गरीब देशांना वर्षाला ३०० अब्ज डॉलर देण्याचं ठरलं.

श्रीमंत देश हवामानासाठी जी मदत देतात तिच्यावर शिक्का मारायची एक पद्धत आहे: शून्य, एक, दोन. शून्य म्हणजे बाईचा विचार नाही, एक म्हणजे जाता जाता केला, दोन म्हणजे मुख्य हेतूच तो. २०१८-१९ च्या हिशेबात निम्म्याहून जास्त मदतीवर बाईचा काही ना काही शिक्का होता, पण 'दोन' मिळालेली मदत होती फक्त २.४ टक्के. बाकी सगळं जाता जाता.

असो. म्हणजे वरच्या कागदांत निदान बाई असते. हा सगळा लवाजमा विमानाने मुंबईत उतरतो, मंत्रालयाच्या लिफ्टने वर जातो, कलेक्टर कचेरीच्या जिन्याने खाली येतो, आणि शेवटी सजेच्या दारात पोचतो. तिथे तुम्ही बसलेले. तुम्ही एकच प्रश्न विचारता: नाव? परिषदांमधून इथवर आलेली बाई तिथे चप्पल काढते आणि बाहेरच थांबते.

आपल्याकडचंच बघा. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला गावात सगळे 'पोकरा' म्हणतात. २०१८ साली जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, हेतू असा की मराठवाडा-विदर्भातली शेती बदलत्या हवामानात तगावी. चांगला प्रकल्प, मी नावं ठेवणार नाही. ठिबक, शेततळं, फळबाग, सगळ्याला अनुदान. अर्जाला काय जोडावं लागायचं? सातबारा आणि आठ-अचा खातेउतारा. ज्यांचा सातबारा नाही अशा भूमिहीनांसाठी, विधवांसाठी शेळीपालन. म्हणजे दुष्काळाशी सामना करायला पुरुषाला तळं आणि बाईला शेळी. शेळी वाईट नाही. पण प्यायला पाणी तिलाही लागतं, आणि ते तळ्यात असतं.

देशात शेतीचा ताबा असलेल्या खातेदारांत बायका शंभरात जेमतेम १४ आहेत, २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार. गावाकडे काम करणाऱ्या बायका मोजल्या तर चारातल्या तीन शेतीत. मधल्या सगळ्या कुठे गेल्या? तुमच्या खिशात. आणि त्या १४ मधल्याही काही कशा आल्या ते तुम्हाला ठाऊक आहे: सीलिंग कायद्याच्या धाकाने, मालकांनी कागदावर वाटण्या केल्या तेव्हा. त्यातल्या कितीजणींनी आपलं रान कधी डोळ्यांनी पाहिलं असेल?

तुमच्या आतली भाषा मला फार आवडते. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असतं, एकत्र कुटुंब मॅनेजर. घर एकत्र, मॅनेजर एक, आणि स्टाफ बिनपगारी. आणि तो 'इतर हक्क' नावाचा रकाना! तिथे सोसायटीचा बोजा असतो, विहिरीतला हिस्सा असतो, शेजाऱ्याची वहिवाट असते, आणि कितीतरी वर्षं तिथेच आई असायची, बहिणी असायच्या. बोजा, विहीर, वाट, आई. यादी करणाऱ्याला त्यात काही खटकलं नसेल.

आता १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव यायचंच असं सरकारने ठरवलं आहे, महसुली कागदांवरसुद्धा. म्हणजे आणखी वीस-पंचवीस वर्षांनी तुमच्यावर बायकांची नावं भरपूर दिसतील. मालकांच्या नावांच्या मधोमध.

इथे मला एक कबुली द्यायची आहे, कारण सगळा ठपका तुमच्यावर ठेवला तर तुम्हाला उगाच मोठेपणा येईल. वडील गेल्यावर मीही हक्कसोडपत्रावर सही केली. कायदा माझ्या बाजूने होता: १९९४ पासून महाराष्ट्रात आणि २००५ पासून देशभर मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. भावाने मागितलं नव्हतं, कोणी दमही दिला नाही. नुसतं आत्याने विचारलं, "माहेर तोडायचंय का?" दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रांगेत आम्ही तिघी बहिणी, तिघींच्या अंगावर नव्या साड्या. बाबूने कॅमेऱ्यात बघायला सांगितलं, अंगठा दाबून घेतला. जमिनीच्या कागदावर माझा फोटो आयुष्यात एकदाच लागला, तो हक्क सोडताना. तेव्हा मात्र यंत्रणेला माझं नाव, वय, पत्ता, अंगठा, चेहरा, सगळं हवं होतं. ओळख पटवायला दोन साक्षीदार. इतकी कसून चौकशी जाऊबाईंची त्या चिखलात झाली असती तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. भाऊ दर भाऊबीजेला न चुकता ओवाळणी घालतो, हे इथे नोंदवते. तो हे वाचेल म्हणून.

तुम्हाला सरळ करायचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी नेते शरद जोशींनी लक्ष्मी मुक्तीची हाक दिली आणि हजारो शेतकऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. आपणहून! १९९२ साली सरकारनेही त्याच नावाची योजना काढली. नवऱ्याने अर्ज करायचा, मग बायकोचं नाव लागतं. मुक्ती लक्ष्मीची, सही पतीची. योजना अजून जिवंत आहे. भाऊसाहेबांना विचारा, गेल्या पाच वर्षांत असे अर्ज किती आले. ते चष्मा काढून पुसायला लागतील.

२००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने सांगून टाकलं की शेतकरी म्हणजे फक्त जमीनमालक नव्हे. कृषिशास्त्रज्ञ स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं विधेयक मांडलं, ते २०१३ साली बारगळलं. तुम्ही तेव्हाही शांत होता. तुमच्या शांतपणाला तोड नाही.

आणि नवरा नसेल तर? महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या ५०५ पत्नींची पाहणी केली. त्यातल्या ४० टक्के बायकांना, ज्या जमिनीत त्या राबत होत्या तिचा हक्क मिळालेला नव्हता. नवरा गेला, कर्ज राहिलं, पाऊस फिरला, आणि तुमच्यावर अजून सासऱ्यांचं नाव. अशा बाईच्या दारात कोणी हवामान-अनुकूल शेतीचं माहितीपत्रक टाकलंच, तर ते चूल पेटवायला बरं पडतं.

बायका तोवर हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. लातूर-धाराशिवकडे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या कामातून बायकांनी घरात फक्त एक एकर मागून घेतलं. मालकी नव्हे हं, नुसतं कसायला. त्यात भाजीपाला, कडधान्य, ज्वारी, कमी पाण्यावर येणारं आणि आधी घरात खायला लागणारं. बाकीच्या रानातलं नगदी पीक दुष्काळाने झोपलं तेव्हा त्या एकराने चूल चालवली. २०१६ साली या कामाला इक्वेटर पुरस्कार मिळाला. जगाने टाळ्या वाजवल्या, आणि त्या एकराच्या उताऱ्यावर आजही बहुतेक ठिकाणी नाव नवऱ्याचंच. बाई घरातल्या घरात कूळ. बांधापलीकडच्या कुळाला निदान कूळकायदा होता.

उतारेसाहेब, विषावर उतारा असतो, दारूवरही असतो म्हणतात. तुमच्यावर कोणता, ते कोणी सांगत नाही. शेतकरी कर्जमाफीच्या मोर्चात ओरडतात, सातबारा कोरा करा. जाऊबाईंना ती घोषणा कळत नाही. त्यांचा पहिल्यापासून कोराच आहे.

पत्र लांबलं. रानात वाफसा आला की काम सुरू होईल, मग कोणाला वेळ. कळावे,

आपली,
इतर हक्कातली

ता. क. पंचनाम्याचा तो फोटो तुमच्या दप्तरी असेलच. त्यात डाव्या कडेला जो हात आहे, तो कोणत्या खात्यावर लावायचा, ते भाऊसाहेबांकडून विचारून कळवावं. हरभऱ्याच्या पेरणीच्या आधी कळवलंत तर बरं, नंतर तो हात मोकळा नसतो.