ऑनलाइन महोत्सवाचा मंडप

ऑनलाइन बुद्धिबळ महोत्सवाचा मंडप नेमका कुठे घालायचा, यावरून रत्नागिरीच्या मांडवीत दोन तट पडले होते. एका तटाचं म्हणणं, जेटीच्या तोंडाशीच घाला, म्हणजे संध्याकाळी फिरायला आलेला माणूस आत डोकावल्याशिवाय पुढे जायचा नाही. दुसऱ्या तटाचं म्हणणं, भर पावसात जेटीवर घातलेला मंडप रात्रीत भाट्याच्या खाडीत सापडेल, तेव्हा सभागृहच घ्या. महोत्सव ऑनलाइन आहे, खेळाडू आपापल्या घरी बसून खेळणार, बघणारेही घरूनच बघणार, मग मंडपात बसणार कोण, असं विचारणारा तिसराही तट होता. तो एकाच माणसाचा होता. त्याच्याकडे आता चहापाण्याची जबाबदारी दिली आहे.

कल्पना मुळात पावसाची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या ताडपत्री पांघरून किनाऱ्यावर, काळ्या वाळूत पर्यटकाचं पाऊल नाही, भेळेची गाडी प्लॅस्टिकखाली. अशा दिवसांत रिकाम्या कोकणी माणसाला दोनच गोष्टी सुचतात, दावा लावणं किंवा महोत्सव भरवणं. दाव्याला निदान थोडी जमीन तरी लागते. महोत्सवाला नुसती समिती पुरते.

पण बुद्धिबळच का? त्याला कारण दिव्या देशमुख. ही नागपूरची मुलगी. २०२५ च्या जुलैत जॉर्जियात बाटुमीला तिने महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कोनेरू हंपीला हरवलं आणि त्याच झटक्यात ग्रँडमास्टरही झाली. वय वर्षं १९. ही बातमी मांडवीच्या कट्ट्यावर पोचली तेव्हा तिचं विश्लेषण असं झालं की, नागपुरात समुद्र आहे का? नाही. तरी झाली ना ग्रँडमास्टर? आपल्याकडे तर समुद्रसुद्धा आहे. या युक्तिवादाला कुणालाच उत्तर सापडलं नाही, म्हणून समिती स्थापन झाली.

नाव ठरलं ‘मांडवी ऑनलाइन बुद्धिबळ महोत्सव’. खेळाडू रत्नागिरी, चिपळूण, ठाणे, जमल्यास दुबई असे कुठूनही खेळणार, सर्व्हर परदेशात, मग यात मांडवीचं काय, अशी शंका निघाली. अध्यक्षांनी ती मांडवी एक्सप्रेसकडे बोट दाखवून मिटवली. मुंबईहून मडगावला जाणाऱ्या त्या गाडीचं नाव गोव्यातल्या नदीवरून ठेवलेलं, आमच्या किनाऱ्याचं तिने कधी तोंडसुद्धा पाहिलेलं नाही, तरी परगावचा पाहुणा ‘तुमच्या नावाची गाडी आहे की हो’ म्हणतो तेव्हा आम्ही मान डोलावतोच. नाव असलं की पुरे.

खरी अडचण पैशाची निघाली. पैसे कमी पडत होते म्हणून नव्हे. पैसे लागतच नव्हते म्हणून.

तांत्रिक बाजू चिटणिसांच्या पुतणीकडे दिली आहे. ती पुण्यातल्या कंपनीचं काम रत्नागिरीच्या पडवीत बसून करते, त्यामुळे तिला वेळच वेळ असणार असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं. तिने सभेत सांगितलं, “काका, लिचेस नावाचं संकेतस्थळ आहे. फुकट. जाहिरात नाही, प्रवेश फी नाही, देणग्यांवर चालतं. स्विस पद्धतीने जोड्या लावणं, घड्याळ चालवणं, निकाल, गुणतक्ता, सगळं आपोआप होतं. आपल्याला फक्त तारीख टाकायची.”

सभेत अशी शांतता पसरली की पागोळ्या ऐकू यायला लागल्या.

“काय गो,” खजिनदारांनी सावरून विचारलं, “म्हणजे खर्च किती धरायचा?”

“काहीच नाही.”

“मग पावतीपुस्तक कशासाठी छापलं आम्ही?”

हा प्रश्न थट्टेचा नव्हे. ज्याला खर्च नाही त्याला वर्गणी नाही, वर्गणी नाही त्याला हिशेब नाही, आणि हिशेब नाही त्यावर पुढच्या वर्षी भांडायचं काय? गावातल्या सार्वजनिक जीवनाचा कणाच मोडायची वेळ आली. तेव्हा शून्याला धरून वरची इमारत उभी करण्यात आली. दोन फ्लेक्स, एक स्टँडी, प्रमुख पाहुण्यांना शाल-श्रीफळ, सगळ्या आजी-माजी अध्यक्षांना सन्मानचिन्ह, उद्घाटनाला समई, समईला तेल. पाहुण्यांच्या हस्ते पहिली चाल करण्याची पद्धत जगभर आहे, ती आपल्याकडेही व्हावी असं ठरलं. फक्त पाहुण्यांच्या हाती माऊस द्यावा की नको, यावर मतभेद आहेत. राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे न्यायला गेले आणि ‘डाव सोडला’च्या झेंड्यावर बोट पडलं, तर उद्घाटन आणि समारोप एकाच टाळीत उरकावे लागतील.

सभेत बुद्धिबळ खेळता येणारे गृहस्थ एकच, निवृत्त मास्तर. ते बिचारे सांगत होते की सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांनी सगळा जन्म पटापाशी घालवला, उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्षानुवर्षं स्पर्धा भरवल्या, भाग्यश्री साठे त्याच गावातल्या, पुढे ठिपसे झाल्या, पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या ठरल्या. आपणही आधी मुलांना शिकवू या. यावर प्रसिद्धीप्रमुखांनी भाऊसाहेबांचा चांगला, मोठा करता येईल असा फोटो मिळेल का, एवढंच विचारलं. मग मास्तरांनी १९५५ सालची एलुरूची पहिली राष्ट्रीय स्पर्धा काढली, तीत रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते होते. ‘सप्रे’ ऐकताच अध्यक्ष ताठ झाले. “म्हणजे मूळचे आपल्याकडचेच!” माणसाचं मूळ गाव आडनावावरून ठरवण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. सप्रे फ्लेक्सवर चढले. मुलांना शिकवण्याचा विषय वेळेअभावी पुढच्या सभेत.

इथवर सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. मग पुतणीने नियम वाचून दाखवले आणि समितीच्या पायाखालची वाळू सरकली.

नियम असा की डाव चालू असताना खेळाडूला कुणीही, कसलीही मदत करायची नाही. चाल सुचवायची नाही, हुं करायचं नाही, भुवई उडवायची नाही. बक्षिसांच्या मोठ्या स्पर्धांत खेळाडू खोलीत एकटा हवा, एक कॅमेरा समोर, दुसरा बाजूने, हात, पडदा आणि दार दिसेल असा. कारण स्टॉकफिश. हा संगणकाचा प्रोग्राम कुठल्याही फोनवर फुकट चढतो आणि जगज्जेत्यालाही पुरून उरतो. नाव सुकवलेल्या माशाचं. सुक्या मासळीने मांडवीत आजवर कुणाला इतकं घाबरवलं नव्हतं.

लबाडी कुठवर जाते याचा दाखलाही तिने दिला. जून २०२१ मध्ये विश्वनाथन आनंद कोविडच्या मदतनिधीसाठी नामवंतांशी ऑनलाइन खेळला. पाच वेळचा जगज्जेता! त्याला निखिल कामत या उद्योजकाने चक्क हरवलं. दुसऱ्या दिवशी कामतांनी स्वतःच कबूल केलं की डावाचं विश्लेषण करणारी माणसं आणि संगणक मदतीला होते. सगळा देश हळहळला. मांडवीत मात्र ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर वेगळाच भाव होता. पाठीमागे चार जाणकार बसवून खेळणं यात लबाडी कुठली? यालाच तर आपल्याकडे खेळणं म्हणतात!

मला विचाराल तर सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे. रत्नागिरीत पटावर खेळणारे दोघं ही निमित्ताची माणसं. खरा डाव मागे उभ्या असलेल्यांचा. कॅरम असो, बुद्धिबळ असो की नुसते पत्ते, बसलेल्याने सोंगटी हलवायची आणि उभ्या असलेल्याने ‘झालं, घातलास घोळ’ म्हणायचं, ही श्रमविभागणी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. बसलेला हरतो, उभा असलेला कधीच हरत नाही. त्याची चाल कुणी खेळलेलीच नसते, त्यामुळे ती चुकल्याचं सिद्ध करता येत नाही. असा अजिंक्य माणूस आळीआळीत असताना त्याला मज्जाव करणारा खेळ इथे रुजायचा कसा?

आणि घरात खेळाडू एकटा ठेवणार कुठे? माजघराला दारं चार, कडी एकालाही नाही. बाजूच्या कॅमेऱ्यात आधी आजी येणार, ती थेट दुबईच्या खेळाडूला ‘जेवलास का’ विचारणार. मग आजोबा. त्यांची तर पद्धतच जुनी. प्यादं पहिल्या चालीला एकच घर आणि राजाला एकदा घोड्याची अडीच घरं माफ. नातवाने किल्लेकोट केला रे केला की ते मागून ओरडणार, “हत्ती राजाच्या डोक्यावरून कसा नेलास? लबाड!” पंचांनी ही बाहेरची मदत समजायची की अडथळा, नियमात स्पष्ट नाही.

उपसमितीने यावर अहवाल दिला आहे. माणसाला एका जागी बसवून त्याच्यावर नजर ठेवणं हे रत्नागिरीला नवं नाही, असं त्यात साधार म्हटलं आहे. ब्रह्मदेशचा थिबा राजा इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवला तो १९१६ मध्ये मरेपर्यंत. सावरकरांना १९२४ पासून १९३७ पर्यंत जिल्ह्याची हद्द ओलांडायची परवानगी नव्हती. तीस-तीस, तेरा-तेरा वर्षांचा अनुभव गाठीशी असलेल्या गावाला दहा मिनिटांच्या डावापुरता एक पोरगा स्थानबद्ध ठेवता येऊ नये? अहवाल टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. प्रत्येक खेळाडूच्या दाराशी एक स्वयंसेवक बसेल. मात्र स्वयंसेवक आत डोकावून चाल सुचवणार नाही यासाठी त्याच्यावर दुसरा एक लागेल, इतपत सगळे एकमेकांना ओळखून आहेत.

उरला वीज-इंटरनेटचा मुद्दा. कोकणातल्या जुलैमध्ये या दोघी पाहुण्या, येतात तेव्हा आपलं भाग्य म्हणायचं. पुतणीने इथेही इतिहास काढला. २०२० ची पहिली ऑनलाइन ऑलिंपियाड, ३० ऑगस्टला भारत-रशिया अंतिम सामना, आपला कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी. पहिली फेरी ३-३. दुसरीत जगभर इंटरनेट कोलमडलं, निहाल सरिन आणि हीच दिव्या देशमुख यांचे डाव घड्याळावर गेले. भारताने दाद मागितली आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या अध्यक्षांनी दोन्ही देशांना सुवर्ण दिलं.

ही कथा सांगायला नको होती. “म्हणजे,” खजिनदार सावकाश म्हणाले, “लाइट गेली तर दोघांनाही पहिलं बक्षीस?” नंतर असं कळतं की नाव नोंदवलेल्या दोन घरांत इन्व्हर्टरची बॅटरी दुरुस्तीला गेली आहे. ती महोत्सव संपेपर्यंत यायची नाही.

अध्यक्षांना भाषण करायचं असल्याने त्यांनी मास्तरांकडून खेळ समजून घ्यायला सुरुवात केली. शह कळला, मात कळली. राजाला शह नाही पण हलायलाही जागा नाही, म्हणून डाव बरोबरीत, हे काही केल्या डोक्यात शिरेना. शेवटी मास्तर म्हणाले, “अध्यक्षसाहेब, मिऱ्याचं बसरा स्टार जहाज आठवा. जून २०२० च्या निसर्ग वादळात येऊन रुतलं. बुडालंही नाही, हललंही नाही. कोण जिंकलं?” अध्यक्ष बराच वेळ विचारात पडले. मग म्हणाले, “बघायला आलेले लोक.”

या उत्तराने मार्ग मोकळा झाला. गेल्या रविवारच्या सभेत ठरलं ते असं. घरोघर वीज, इंटरनेट आणि आजोबा यांची खात्री देता येत नसल्याने सगळ्या खेळाडूंना मोबाईलसह एकाच सभागृहात बोलवायचं. जनरेटर एक, वायफाय एक, पंचही डोळ्यांसमोर. ज्यांची जोडी लागेल त्यांनी समोरासमोर बसून, मध्ये टेबल ठेवून, एकमेकांशी ऑनलाइन खेळायचं. हसू नका. एका जागी, पंचांच्या देखत बसून ऑनलाइन खेळायला फिडेने २०२१ मध्ये ‘हायब्रिड’ म्हणून रीतसर मान्यता दिली आहे. मात्र तिथे प्रतिस्पर्धी दुसऱ्या गावी असतो. टेबलापलीकडे बसवायची सुधारणा आमची.

समोरासमोर बसलेच आहेत तर मोबाईल बाजूला ठेवून मध्ये पटच का मांडू नये, असं चहा देता देता तिसऱ्या तटाने विचारलं. फ्लेक्सवर ‘ऑनलाइन’ छापून झालं आहे, असं त्याला सांगण्यात आलं. सप्रेंच्या फोटोखालीच.

मग खजिनदारांनी आपली योजना मांडली. सभागृह झालं, म्हणजे मागे उभं राहायला जागा झाली. उभं राहणाऱ्याला रीतसर ‘निरीक्षक’ असा बिल्ला द्यावा. बोलायचं नाही ही अट, अट मोडल्यास दंड, दंडाची जागेवर पावती. पावतीपुस्तकांचं काय करायचं हा प्रश्न एका दमात सुटला, वर दुसऱ्या छपाईची ऑर्डर गेली.

खेळाडूंच्या नावनोंदणीला मुदतवाढ दिली आहे. निरीक्षकांची यादी पहिल्याच संध्याकाळी भरली. त्यातल्या बऱ्याच जणांनी दंड आगाऊ भरून टाकला आहे.