ऑनर्सचे बाबा

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत हे गृहस्थ हमखास भेटतात. ताटात पुरी पडायच्या आत विचारतात, "तुमचा चिरंजीव यंदा दहावीत ना? केमिस्ट्री रेग्युलर की ऑनर्स?" 'रेग्युलर' ऐकलं की "असू दे, असू दे" म्हणत समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतात. हे ऑनर्सचे बाबा.

अमेरिकेतल्या हायस्कूलात साधारण दहावीला पहिल्यांदा स्वतंत्र केमिस्ट्री येते. ती ऑनर्सची घेतली की वेग जास्त, गणित जास्त आणि बऱ्याच शाळांत जीपीएत थोडं झुकतं माप. पुढे कॉलेजच्या तोडीची एपी केमिस्ट्री, तिची मे महिन्यातली परीक्षा, पाचपैकी पाच. लेक सहावीत असतानाच बाबांनी हा सगळा मार्ग एक्सेल शीटमध्ये आखून ठेवला होता. लेकीला विचारायचं तेवढं राहून गेलं.

बाबा मूळचे लातूरकडचे. बारावीला केमिस्ट्रीत 96. ही माहिती घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी मिळते. त्यामुळे क्लास वगैरे काही नको, "मी आहे ना!"

पहिल्याच महिन्यात घोड्यानं पेंड खाल्ली. गृहपाठ होता घनतेचा: वस्तुमान 12.4 ग्रॅम, आकारमान 3.7 मिलिलिटर. बाबांनी कॅल्क्युलेटरवर आलं तसं 3.35135 लिहायला लावलं. बाईंनी मार्क कापला. उत्तर हवं होतं 3.4.

"अख्खं उत्तर दिलं तर मार्क कापतात? कुठली शाळा ही!"

"बाबा, सिग फिग्ज, म्हणजे सिग्निफिकंट फिगर्स. आपण जेवढं मोजलंय तेवढंच सांगायचं. उगाच जास्त माहीत असल्यासारखं दाखवायचं नाही."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हे त्यांना नीट समजावून सांग गं."

खरी खडाजंगी झाली ती मोरचुदाच्या प्रयोगावरून. निळे खडे मुशीत घालून तापवायचे, पाणी उडून पांढरी भुकटी झाली की पुन्हा वजन करायचं आणि पाणी किती टक्के होतं ते काढायचं. पुस्तकी उत्तर 36.1. लेकीचं आलं 34.2.

बाबांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "36 लिहून टाक. आमच्या वेळी जर्नल असंच भरायचे. आधी उत्तर, मग रीडिंग."

"ते चीटिंग आहे, बाबा."

"चीटिंग नाही, प्रॅक्टिकल आहे."

लेकीनं 34.2 च लिहिलं. एरर 5.3 टक्के; कारण: बहुधा खडे पुरेसे तापले नाहीत, आत पाणी राहिलं. रिपोर्टला ए मिळाला. चुकलेल्या प्रयोगाला ए मिळतो हे बाबांच्या पचनी पडायला दोन आठवडे आणि भावाला केलेले तीन फोन लागले.

पण माणूस खचणारा नाही. 23 ऑक्टोबर, म्हणजे अमेरिकन पद्धतीनं 10/23, हा तिकडे मोल डे, ॲव्होगाड्रोच्या 6.02 गुणिले 10 चा 23 वा घात या आकड्यावरून सकाळी 6:02 ते संध्याकाळी 6:02 साजरा करतात. लेक साडेसहाला उठली. बाबा 6:02 ला आंघोळ करून तयार होते आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर समई, झेंडू आणि 'मोल दिनाच्या हार्दिक शुभेच्छा' असा फोटो पडला होता. खाली कुणीतरी 'तुम्हालाही' लिहिलं. एका काकूंनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली.

त्यानंतर बाबा हळूहळू पुरते गुंतले. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून लिमिटिंग रिॲक्टंटची गणितं सोडवू लागले. पालकांच्या पोर्टलवर क्विझचे मार्क लेकीच्या आधी त्यांना कळत. 88 आले की ते जेवत नसत. लेक मात्र दोनदा भात घेई.

जूनमध्ये तिला ए मायनस मिळाला. पुढच्या वर्षासाठी तिनं केमिस्ट्री सोडून एपी हिस्टरी घेतली. एपी केमिस्ट्रीचं जाडजूड गाइड बाबांनी आधीच आणून ठेवलं होतं. ते आता रोज रात्री स्वतःच सोडवत बसतात, आणि उत्तरं अचूक सिग फिग्जमध्ये लिहितात. निकाल उघड आहे: त्या घरातून ऑनर्सला बाबाच बसले होते, लेक फक्त त्यांच्या वतीनं शाळेत जात होती.