थांबेकर

सहलीला निघालेल्या प्रत्येक गोतावळ्यात एक थांबेकर असतातच. खरं आडनाव परब असो नाहीतर कुलकर्णी. गाडी पायथ्याला लागली की ते खाली उतरतात, मान मागे टाकून वर बघतात आणि म्हणतात, "तुम्ही या जाऊन. मी आहे इथे." हे अशा त्यागी आवाजात, की आपणच त्यांना पहाऱ्यावर बसवतोय असं वाटावं.

आमचे थांबेकर नात्याने मामा. निवतीचा किल्ला त्यांनी याच पद्धतीने सर केला.

आता निवती म्हणजे काही हरिश्चंद्रगड नव्हे. गावातून वर जायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, पोरं कुल्फी चोखत चढतात. वर जांभ्या दगडाची पडझड झालेली तटबंदी, पलीकडे भोगव्याचा लांबच लांब किनारा आणि पाण्यात उतरलेले ते पिवळट कातळ. होडीवाले त्यांना 'गोल्डन रॉक्स' म्हणतात. तिरकं ऊन पडलं की नाव खरं वाटतं. भर दुपारी मात्र होडीचे पैसे आठवतात.

मामा गुडघ्यांचं कारण कधीच देत नाहीत. त्यांची कारणं मोसमी. पावसात जांभा निसरडा, मे महिन्यात तापलेला आणि थंडीत 'आत्ताच घावणे झालेत'. शिवाय पिशव्या कोणी सांभाळायच्या? आठ जणांच्या पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि एक रडकं नातवंड ताब्यात घेऊन ते सरबताच्या टपरीपुढच्या बाकड्यावर बसले.

"काका, वयर नाय जावचां?" टपरीवाल्या मावशींनी विचारलं.

"काय आहे वर?"

"वारो," मावशी म्हणाल्या. तिथून दोघांचं जमलं.

आम्ही वर घामाघूम होऊन सेल्फीसाठी एकमेकांना ढकलत होतो, तोवर खाली मामांना सुरमईचा आजचा भाव, मावशींच्या सुनेचं माहेर, भरतीची वेळ आणि दुपारी चांगली थाळी कुठे मिळते, हे सगळं कळलेलं होतं. थाळ्या सांगूनही झाल्या होत्या. गड चढलेल्यांना गडाचं नाव कळतं. गाव कळतं ते बाकड्यावर बसलेल्याला.

मामांचा लाडका खडक मात्र मालवणात आहे. किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा. त्यावर गणपती, शिवलिंग, चंद्र-सूर्य कोरलेले, आणि मुख्य म्हणजे चढायचं काही नाही, नुसते हात जोडायचे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी इथे पूजा केली आणि समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या कामाला सुरुवात झाली. सुनेचा वाढदिवस विसरणाऱ्या मामांना ही तारीख तोंडपाठ. "एवढा जलदुर्ग," ते बेटाकडे हात करून सांगतात, "पण पूजा? काठावरून!" यावर काय बोलणार?

निवतीहून आम्ही धापा टाकत उतरलो तेव्हा मामांनी भाच्याचा मोबाइल मागून घेतला. वरून काढलेला फोटो दोन बोटांनी ताणत ताणत त्यांनी क्षितिजावरचे ठिपके शोधले. "हे वेंगुर्ला रॉक्स. दीपगृह आहे तिथे. आणि गुहांमधून पाकोळ्यांची घरटी. पाहिलंत ना?"

आम्ही पाहिलं नव्हतं. आम्ही कॅमेऱ्याकडे पाहत होतो.

तोच फोटो संध्याकाळी मामांनी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. खाली एवढंच : 'निवती किल्ल्यावरून दिसणारा नजारा'. अमेरिकेतल्या भाचीने लगेच लिहिलं, "मामा, या वयात चढलात? सलाम!" पाठोपाठ बारा अंगठे आणि दोन भगवे झेंडे आले.

मामांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. खोटं ते कधी बोलत नाहीत.